द्राक्षबागेत बिनतारी सेन्सरचं जाळं उभारताना: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

निफाड तालुक्यात माझ्या मामांची दोन एकर थॉमसन द्राक्षांची बाग आहे. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली, त्यामुळे बागेत ओलावा आणि हवामान मोजणारे सेन्सर बसवायचे ठरले तेव्हा काम माझ्याकडे आलं. ऑक्टोबरच्या छाटणीला सहा नोड बसवले (नोड म्हणजे सेन्सर, बॅटरी आणि रेडिओ असलेला एक खोका). अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी त्यातले चार बंद पडले होते. उरलेल्या दोघांचे आकडे येत होते, पण मामा कुदळीने उकरून माती हातात धरायचे आणि म्हणायचे, "अगं, हा ओलावा नाही, चिखल आहे. तुझं यंत्र कोरडं कसं दाखवतं?" चूक मामांची नव्हती.

त्यानंतरच्या तीन हंगामांत जे शिकले ते इथे क्रमाने मांडते आहे. तुमची बाग द्राक्षाची नसून डाळिंबाची असेल किंवा पॉलीहाउस असेल, तरी बहुतेक पायऱ्या याच राहतील. सोल्डरिंग आणि थोडंफार प्रोग्रॅमिंग येतं, पण शेतात काही बसवलेलं नाही, अशा वाचकासाठी हा लेख आहे.

अपयश फक्त नवशिक्यांच्या वाट्याला येतं असं नाही. नेदरलँड्समध्ये २००५ साली डेल्फ्टच्या संशोधकांनी बटाट्याच्या शेतात शंभराच्या आसपास नोडचं जाळं उभारलं होतं. हेतू आपल्यासारखाच होता. पानांजवळची आर्द्रता मोजून करपा कधी येईल याचा अंदाज बांधायचा. सॉफ्टवेअरमधल्या चुका आणि वेळेआधी संपलेल्या बॅटऱ्या यांमुळे अपेक्षित मोजमापांपैकी जेमतेम २ टक्के त्यांच्या हाती आली. त्यांनी हे सगळं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला त्यातून शिकता येतं.

१. आधी निर्णय लिहा, सेन्सर नंतर

सेन्सरच्या दुकानात जाण्याआधी बागाईतदाराबरोबर बसा आणि एका कागदावर लिहा की या आकड्यांवरून कोणता निर्णय बदलणार आहे. आमच्या कागदावर दोनच ओळी होत्या:

- आज कोणत्या व्हॉल्व्हला पाणी सोडायचं, किती वेळ?
- डाऊनीची (केवडा रोगाची) फवारणी आज करायची की दोन दिवस थांबता येईल?

पहिल्या प्रश्नासाठी मुळांच्या खोलीवरचा ओलावा लागतो. दुसऱ्यासाठी तापमान, आर्द्रता, पाऊस आणि पान किती तास ओलं राहिलं हे लागतं. डाऊनीचे बीजाणू रुजायला पानावर पाण्याचा थर लागतो, म्हणून नुसती आर्द्रता पुरत नाही. मातीचा सामू, नत्र, प्रकाश यांचे सेन्सर या यादीत कुठेच येत नाहीत. मी पहिल्या वर्षी प्रकाशाचा सेन्सर घेतला होता. त्याचा आलेख सुंदर यायचा आणि त्यावरून कोणीच काही करायचं नाही.

किती वेळाने मोजायचं हेही इथेच ठरतं. जमिनीतला ओलावा तासाभरात फारसा हलत नाही. पानाचा ओलेपणा मात्र पंधरा मिनिटांनी पाहायला हवा. त्याहून घाईची बागेत गरज नाही, आणि प्रत्येक जादा पॅकेट बॅटरीतून जातं.

२. फ्रिक्वेन्सी आणि नियम

भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ पासून परवानामुक्त आहे (२०२१ पासून तो ८६८ पर्यंत वाढवला आहे). ट्रान्समीटरची शक्ती जास्तीत जास्त १ वॅट, अँटेनातून बाहेर पडणारी प्रभावी शक्ती ४ वॅट आणि कॅरिअरची रुंदी २०० किलोहर्ट्झ, या त्याच्या मर्यादा. लोरा, म्हणजे कमी विजेत लांब पोचणारा रेडिओ, यात आरामात बसतो. लोरावॅन म्हणजे लोरावर जाळं चालवायची नियमावली; तिच्या भारतीय आराखड्यातले मूळ तीन चॅनेल ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५० मेगाहर्ट्झ हे आहेत.

सापळा असा की ऑनलाइन मिळणारे बरेच बोर्ड आणि जवळजवळ सगळे नमुना प्रोग्रॅम अमेरिकेच्या ९१५ किंवा युरोपच्या ८६८ साठी लिहिलेले असतात. प्रोग्रॅम जसाच्या तसा चढवला तर तुम्ही आपल्याकडच्या नियमाबाहेर प्रक्षेपण करता. मॉड्यूल ८६८ चं असेल तर ८६५ वर चालतं, अँटेनाही चालते. ४३३ चं मॉड्यूल मात्र घेऊ नका.

स्वतःच्या बागेपुरतं करताना एवढं पाळलं की पुरे. उपकरण बनवून विकायचा विचार असेल तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची उपकरण मान्यता घ्यावी लागते. तिचा अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो. ते काम विक्रीच्या आधी करायचं, नंतर नाही.

३. जमवाजमव

एका नोडसाठी:

- ३.३ व्होल्ट, ८ मेगाहर्ट्झचा अर्डुइनो प्रो मिनी बोर्ड
- एसएक्स१२७६ किंवा एसएक्स१२६२ चिपचं लोरा मॉड्यूल आणि त्याची अँटेना
- चांगल्या कंपनीचा १८६५० लिथियम सेल, होल्डरसह
- एमसीपी१७०० रेग्युलेटर (हा स्वतः दोनेक मायक्रोअँपिअरच खातो)
- दोन कपॅसिटिव्ह ओलावा सेन्सर, तापमान-आर्द्रतेचा एक एसएचटी३१, एक पानाच्या ओलेपणाचा सेन्सर
- आयपी६५ किंवा वरचा खोका, केबल ग्लँड, सिलिका जेलच्या पुड्या

सगळ्या बागेसाठी मिळून एक बहुचॅनेल गेटवे (सगळ्या नोडांचे निरोप ऐकणारं यंत्र), रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, डीएस३२३१ घड्याळ आणि एक पर्जन्यमापक. एकाच चॅनेलवर ऐकणारे स्वस्त गेटवे मिळतात. ते घेऊ नका. लोरावॅनचे नोड चॅनेल बदलत बोलतात, त्यामुळे तीनातली दोन पॅकेटं ते ऐकतच नाहीत आणि दोष तुम्ही नोडमध्ये शोधत बसता.

हत्यारं: मायक्रोअँपिअर मोजणारा मल्टीमीटर, सोल्डरिंग गन, यूएसबी-टीटीएल, स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा, ओव्हन.

कागदपत्रं म्हणाल तर तीनच. बागेचा हाताने काढलेला नकाशा, ज्यात ओळी, व्हॉल्व्ह, विहीर, विजेचे खांब दाखवलेले असतील. माती परीक्षणाचा अहवाल. आणि फवारणीची नोंदवही. निर्यातीच्या बागांकडे ती असतेच. हंगामाच्या शेवटी तुमचे आकडे खरे की खोटे हे या वहीशी ताडूनच कळतं.

४. एकच नोड, टेबलावर, महिनाभर

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. सहा नोड एकदम बनवू नका. एक बनवा आणि तो झोपेत किती करंट घेतो ते मोजा.

माझे पहिले नोड ईएसपी३२ च्या तयार बोर्डवर होते. चिपच्या माहितीपत्रकात गाढ झोपेत १० मायक्रोअँपिअर लिहिलेलं आहे आणि मी त्यावर हिशोब केला. पण बोर्डवर चिपशिवाय रेग्युलेटर असतो, यूएसबीची चिप असते, सतत जळणारा लाल दिवा असतो. प्रत्यक्षात बोर्ड ६ मिलिअँपिअर घेत होता. २६०० मिलिअँपिअर-तासाचा सेल भागिले ६ म्हणजे ४३३ तास, म्हणजे १८ दिवस. चार नोड त्याच दिवशी का मेले याचं उत्तर या भागाकारात होतं आणि तो मी बसवण्याआधी केला नव्हता.

आता प्रो मिनीवरचा हिशोब पाहा. बोर्डवरचा दिवा आणि रेग्युलेटर काढून टाकलेला आहे:

- झोप: ०.०२ मिलिअँपिअर × ९०० सेकंद = १८
- जागं होऊन सेन्सर वाचणं: १५ मिलिअँपिअर × ४ सेकंद = ६०
- रेडिओवर पाठवणं: १२० मिलिअँपिअर × ०.०६२ सेकंद = ७.४

पंधरा मिनिटांची बेरीज ८५.४ मिलिअँपिअर-सेकंद, म्हणजे सरासरी ०.०९५ मिलिअँपिअर. त्याच सेलवर कागदावर तीन वर्षं. शेतात उन्हाने आणि सेलच्या वयाने ती दीड-दोन धरा. तरीही एक पूर्ण हंगाम सौर पॅनेलशिवाय निघतो, आणि पॅनेल नसलं की चोरीची चिंताही नाही.

बेरजेत एक गोष्ट डोळ्यात भरायला हवी. सगळ्यात जास्त खर्च रेडिओचा नसून सेन्सर वाचताना जागं राहण्याचा आहे. सेन्सर तापायला थांबण्यासाठी प्रोग्रॅममध्ये नुसता चार सेकंदांचा डिले टाकू नका. तेवढ्या वेळात प्रोसेसरला झोपवता येतं. आणि सेन्सरांना वीज मॉस्फेटमधून (प्रोग्रॅमने चालू-बंद होणाऱ्या स्विचमधून) द्या, म्हणजे वाचन झालं की त्यांचा पुरवठा पूर्ण तुटतो.

करंट मोजतानाचा एक सापळा मला दोन दिवस छळून गेला. मल्टीमीटर मायक्रोअँपिअरच्या रेंजवर ठेवला की त्याच्या आत मोठा रोध मध्ये येतो. झोपेत काही जाणवत नाही. पण नोड जागा होऊन मिलिअँपिअर मागायला लागला की त्या रोधावरच व्होल्टेज पडतं आणि बोर्ड रीसेट होतो. पुन्हा जागा, पुन्हा रीसेट. मला वाटायचं प्रोग्रॅम बिघडला आहे. उपाय सोपा आहे. मीटरच्या दोन टोकांना एक वायर जोडून ठेवा, नोड झोपला की ती काढा, आकडा वाचा, जागा व्हायच्या आत परत लावा.

आणि रेडिओ अँटेनाशिवाय कधीही चालू करू नका. पाठवणारा भाग जळू शकतो, तोही असा की मॉड्यूल वरवर चालू दिसतं पण पन्नास फुटांपलीकडे पोचत नाही.

५. सेन्सरला आपली माती शिकवा

मामांच्या "चिखल"वाल्या तक्रारीचं एक मूळ इथे होतं. कपॅसिटिव्ह सेन्सर ओलावा मोजत नाही. तो आजूबाजूच्या पदार्थाचा विद्युत गुणधर्म मोजतो आणि त्यातून ओलावा काढायचं गणित तुम्हाला द्यावं लागतं. ते गणित वाळूला एक, काळ्या मातीला दुसरं. शिवाय एकाच खोक्यातून आलेले दोन सेन्सर एकाच बादलीत वेगळे आकडे देतात.

पद्धत अशी:

सेन्सर ज्या खोलीवर बसणार तिथली माती पाच-सहा किलो आणा. ढेकळं फोडून सावलीत वाळवा आणि सहा डब्यांत सारख्या वजनाने भरा. एका डब्यात पाणी नाही, पुढच्यांत चढत्या मापाने घाला, कालवा, दाबून बसवा, झाकण लावून रात्रभर मुरू द्या. सकाळी प्रत्येक डब्यात प्रत्येक सेन्सर खोचून कच्चा आकडा लिहा. मग प्रत्येक डब्यातली थोडी माती तोलून १०५ अंशांवर २४ तास ओव्हनमध्ये ठेवा आणि परत तोला. घटलेलं वजन म्हणजे पाणी. ते कोरड्या मातीच्या वजनाने भागलं की खरा ओलावा मिळतो. सहा बिंदूंमधून जाणारी रेषा काढा. प्रत्येक सेन्सरची रेषा वेगळी ठेवा आणि सेन्सरवर न पुसणाऱ्या पेनाने क्रमांक घाला. ओल्या मातीत कच्चा आकडा कमी येतो, कोरड्यात जास्त. हे उलटं वाटतं, पण या सेन्सरांचा स्वभावच तसा आहे.

वायर शेतात तीन मीटर लागणार असेल तर ही आकड्यांची जुळवणी, म्हणजे कॅलिब्रेशनही, त्याच तीन मीटरच्या वायरने करा.

हे सेन्सर मुळात जमिनीत गाडायला बनवलेलेच नाहीत. वरच्या टोकाला उघडे भाग असतात आणि पट्टीच्या कापलेल्या कडांमधून पाणी आत झिरपतं. कडांना वॉर्निशचे दोन हात द्या, वरचा भाग इपॉक्सीत बुडवा आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा. कॅलिब्रेशन याच्यानंतर करायचं, आधी नाही. दोन काट्यांचे, धातू उघडा असलेले सेन्सर तर घेऊच नका. विजेच्या प्रवाहाने त्यांचे काटे काही आठवड्यांत झिजतात.

तापमान-आर्द्रतेच्या एसएचटी३१ ला गणित लागत नाही, पण सावली लागते. बंद खोक्यात ठेवलात तर तो खोक्याचं तापमान सांगेल. पांढऱ्या प्लास्टिकच्या बशा एकावर एक, मध्ये बोटभर फट ठेवून रचा. वारा खेळला पाहिजे आणि ऊन थेट लागता कामा नये. ही छत्री खोक्याच्या अगदी जवळच टांगा, कारण या सेन्सरची आय-टू-सी वायर हात-दीड हातापेक्षा लांब नेली की वाचन चुकायला लागतं.

पानाच्या ओलेपणाचा सेन्सर हा सगळ्यात नाजूक. आमच्याकडे एकदा पहाटे सहाला मी स्वतः बागेत उभी होते. पानांच्या कडांना दवाचे थेंब लोंबत होते, हात लावला की मनगटापर्यंत ओघळत होते, आणि मोबाइलवर सेन्सर कोरडा होता. तो मी मांडवाच्या वर, उघड्यावर बांधला होता. तिथला वारा त्याला पानांच्या कितीतरी आधी सुकवत होता. तेव्हापासून तो घडांच्या उंचीवर, पानांच्या दाटीत, साधारण ४५ अंशांत तिरका बांधते. उलटा दोषही येतो. फवारणीचा थर साचला की तो थर ओल धरतो आणि कोरड्या दुपारी सेन्सर ओला सांगतो. प्रत्येक दुसऱ्या-तिसऱ्या फवारणीनंतर ओल्या फडक्याने पुसायला हवा. हे काम कोणाचं, ते आधीच ठरवा.

६. पॅकेट लहान ठेवा

शिकताना आकडे मजकुराच्या रूपात पाठवायची सवय लागते. रेडिओवर ती महाग पडते. लोरात स्प्रेडिंग फॅक्टर वाढवला की सिग्नल लांब जातो, पण पॅकेट हवेत जास्त वेळ राहतं. १० बाइटांची माहिती, लोरावॅनच्या १३ बाइटांसकट, फॅक्टर ७ वर ६२ मिलिसेकंदांत जाते. तीच फॅक्टर १२ वर १,४८३ मिलिसेकंद घेते. म्हणजे चोवीसपट. वरच्या हिशोबात हा आकडा घालून पाहा. तीन वर्षांचा सेल एका वर्षावर येतो.

माझे १० बाइट असे आहेत: तापमान २, आर्द्रता १, जमिनीत दोन खोलींवरचा ओलावा प्रत्येकी २, पानाचा ओलेपणा १, बॅटरी १ आणि शेवटचा १ बाइट नोड किती वेळा रीसेट झाला त्याचा. २४.६ अंश हा आकडा २४६ म्हणून पाठवायचा आणि सर्व्हरवर दहाने भागायचा. ओलाव्याचा मात्र कच्चा आकडाच पाठवा, गणित सर्व्हरवर करा. उद्या कॅलिब्रेशन सुधारलं तर जुने आकडेही सुधारता येतात.

बॅटरी आणि रीसेटचे बाइट कधीही वाचवू नका. नोड बंद पडला की मागचं कारण त्यांच्यातूनच कळतं. बॅटरी हळूहळू उतरत आली असेल तर सेल गेला. बॅटरी भरलेली आणि रीसेटचा आकडा वाढत असेल तर कुठेतरी पाणी शिरलं आहे किंवा जोड ढिला आहे.

प्रोग्रॅममध्ये दोन गोष्टी हव्यातच. पहिली, वॉचडॉग, म्हणजे प्रोग्रॅम अडकला तर नोड आपोआप नव्याने सुरू होईल. दुसरी, पाठवण्याच्या वेळेत थोडी यादृच्छिकता. मी सगळे नोड एकाच टेबलावर, एकापाठोपाठ एक चालू केले होते. दोन नोडांची वेळ अशी जुळली की ते दर पंधरा मिनिटांनी एकमेकांवर बोलायचे आणि त्यातल्या दूरच्या नोडचा आवाज गेटवेपर्यंत पोचायचाच नाही. प्रत्येक वेळी शून्य ते तीस सेकंद पुढे-मागे करा, प्रश्न मिटतो.

नोडांनी एकमेकांमार्फत निरोप पुढे ढकलायचे, असं मेश जाळं करायचा मोह नव्या माणसाला हमखास होतो. दोन-पाच एकरांसाठी त्याची गरज नाही. मेशमध्ये मधल्या नोडला ऐकत जागं राहावं लागतं आणि बॅटरीचा सगळा हिशोब कोसळतो. सगळे नोड थेट गेटवेशी बोलू द्या.

७. गेटवे आणि सर्व्हर

रास्पबेरी पायवर चर्पस्टॅक बसवा. लोरावॅनचा हा सर्व्हर मुक्त आहे. त्यातून एमक्यूटीटी या निरोप पोचवायच्या पद्धतीने आकडे इन्फ्लक्सडीबी या डेटाबेसात आणि तिथून ग्राफाना या प्रोग्रॅमवर आलेख. बसवण्याच्या सूचना त्यांच्या त्यांच्या संकेतस्थळांवर नीट आहेत, म्हणून इथे त्या पुन्हा देत नाही. शेतातल्या अडचणी मात्र तिथे लिहिलेल्या नसतात.

शेतीची लाइट पाळीने येते. पायला बॅटरीचा आधार नसेल तर तो रोज मध्येच बंद होईल आणि मेमरी कार्ड एक दिवस खराब होईल. छोटी १२ व्होल्टची बॅटरी आणि चार्जर कायम जोडलेला ठेवा. लाइट परत आल्यावर इंटरनेट यायला वेळ लागतो आणि पायला स्वतःचं घड्याळ नसेल तर तोवरचे आकडे चुकीच्या वेळेवर नोंदले जातात. डीएस३२३१ त्यासाठी घेतलं आहे.

डेटाबेस वेळ जागतिक प्रमाणाने ठेवतो, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पावसाची रोजची बेरीज करताना हे विसरलात तर पहाटे साडेपाचपर्यंतचा पाऊस आदल्या दिवशी पडतो. हवामान खात्याशी तुलना करायची असेल तर बेरीज सकाळी ८:३० ते ८:३० अशी करा. त्यांचा पावसाचा दिवस तसा असतो.

आकडा आला नाही तर आलेखात तिथे जागा मोकळी दिसू द्या. ग्राफाना रिकाम्या जागा रेषेने जोडू शकतो. ती सोय बंद ठेवा. जोडलेल्या रेषेवर विश्वास ठेवून आम्ही एकदा दोन दिवस पाणी दिलं नव्हतं.

८. बागेत चालून पाहा, पण योग्य वेळी

ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बाग उघडी असते. काड्या आणि तारा, एवढंच. तेव्हा एक नोड हातात घेऊन फिरलात तर सिग्नल सगळीकडे उत्तम येईल. डिसेंबरात तोच मांडव पानांनी गच्च भरतो, पानांत पाणी असतं, आणि सिग्नल पडतो. म्हणून उघड्या बागेत मोजताना हातचं राखून ठेवा. फॅक्टर ७ ला सिग्नल-नॉइजचं प्रमाण उणे ७.५ डेसिबलपर्यंत चालतं. तुम्हाला किमान अधिक ३ तरी दिसलं पाहिजे. त्याहून कमी असेल तर अँटेना वर घ्या.

उंची हाच खरा उपाय आहे. ८६६ मेगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण ३५ सेंटिमीटर. ५०० मीटर अंतरावर दोन अँटेनांच्या मधोमध या लहरींना सरळ रेषेच्या भोवती सुमारे साडेसहा मीटरची मोकळीक हवी असते. एवढी उंची बागेत मिळत नाही, पण गेटवेची अँटेना घराच्या गच्चीवर किंवा टाकीच्या स्टँडवर नेली आणि नोडची मांडवाच्या वर दोन-तीन फूट काढली की बहुतेक काम होतं. मांडवाच्या खाली अँटेना ठेवलीत तर तिच्या डोक्यावर लोखंडी तारांचं जाळंच आहे. लोखंडी अँगललाही बांधू नका, बांबू किंवा पीव्हीसीचा पाइप वापरा. अँटेना वर न्यायला बारीक केबल लांबवू नका, तिच्यात दर मीटरला सिग्नल गळतो. त्याऐवजी खोकाच बांबूवर वर चढवा आणि ओलाव्याच्या सेन्सरची वायर खाली सोडा.

९. प्रत्यक्ष बसवणं

खोक्याला भोक फक्त तळाशी. वर किंवा बाजूला भोक पाडलं की पाणी वायरीवरून ओघळत आत येतं, ग्लँड कितीही घट्ट केलं तरी. वायर ग्लँडमध्ये शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे थेंब झोळाच्या टोकाला गळून पडतो. आत सिलिका जेल टाका. गंधक आणि बोर्डो मिश्रण तांब्याच्या जोडांना खातं, म्हणून सोल्डर केलेल्या प्रत्येक ठिकाणी वॉर्निशचा हात द्या. बॅटरीच्या टोकांना नाही.

ओलाव्याचे सेन्सर ड्रिपरच्या खाली नको आणि दोन ओळींच्या मधल्या कोरड्या पट्ट्यातही नको. ड्रिपरपासून २० ते ३० सेंटिमीटरवर, एक २० आणि एक ४५ सेंटिमीटर खोल. वरचा सांगतो पाणी कधी द्यायचं, खालचा सांगतो कधी थांबायचं.

काळ्या जमिनीचा सापळा सगळ्यात मोठा. ही माती सुकली की आक्रसते, भेगा पडतात, आणि सेन्सरच्या पट्टीपासून सुटून मध्ये हवेची फट राहते. सेन्सर हवा मोजतो आणि एकदम कोरडं दाखवतो. मामांनी हातात धरलेला चिखल आणि माझा कोरडा आकडा, दोन्ही खरे होते. आता मी खड्ड्यातल्याच मातीचा पातळ राबडा करते, सेन्सर त्यात उभा धरून भोवती ओतते, मग वरची माती थरावर थर दाबून भरते. आणि हे छाटणीच्या निदान तीन आठवडे आधी, म्हणजे माती बसायला वेळ मिळतो. तरीही एखाद्या दिवशी आलेखावरचा ओलावा सरळ कड्यावरून पडल्यासारखा खाली आला तर ती तहान समजू नका. जाऊन उकरून पाहा.

वायर उघडी सोडू नका. उंदीर कुरतडतात, खुरपणीत तुटते, फवारणीचा ब्लोअर वळताना ओढली जाते. अर्ध्या इंची ड्रिपच्या जुन्या नळीतून न्या, नळी घरात पडलेली असतेच. बागेतल्या प्रत्येक मजुराला खोके कुठे आहेत ते स्वतः फिरून दाखवा. बांबूला लाल फडकं बांधा.

१०. पहिला हंगाम

पहिल्या वर्षी व्हॉल्व्ह आपोआप उघडायची सोय करू नका. आकडे चुकीचे असतील तर नुकसान माहितीचं न होता घडांचं होईल. या हंगामात सेन्सरने फक्त सांगायचं, ठरवायचं बागाईतदाराने. आठवड्यातून एकदा प्रत्येक नोडजवळ मुठीने माती दाबून पाहा आणि "कोरडी, वाफशावर, ओली" असं आकड्याच्या शेजारी वहीत लिहा. मामांच्या मुठीच्या या नोंदींवरूनच आमच्या जमिनीसाठी पाणी द्यायची पातळी ठरली. कुठल्याही पुस्तकातला आकडा तिथे लागू पडला नाही.

दोन निरोप मोबाइलवर आपोआप यायला हवेत: एखादा नोड दोन तास बोलला नाही, आणि बॅटरी ३.५ व्होल्टच्या खाली गेली. रोज सकाळी सातला एक साधा संदेशही पाठवा, आलेख नको. आमचा असा असतो: "व्हॉल्व्ह २: वर कोरडं, खाली ओल आहे. रात्री पान ६ तास ओलं." मामा आलेख उघडत नाहीत, हा संदेश मात्र चहाबरोबर वाचतात आणि फवारणीच्या वहीत त्या दिवसापुढे उतरवून ठेवतात.

एप्रिलच्या खरड छाटणीआधी सगळे नोड काढून घ्या. त्या दिवसांत बागेत माणसं आणि ट्रॅक्टर यांची इतकी ये-जा असते की वायर वाचत नाही, आणि भर उन्हात बंद खोक्यातला सेल तापतो. सेन्सर धुऊन, वाळवून, पुन्हा त्याच मातीच्या कोरड्या आणि ओल्या डब्यात खोचा आणि पहिल्या दिवशीच्या आकड्याशी ताडा. माझ्या बारा सेन्सरांपैकी तीन पहिल्या हंगामाअखेर सरकलेले निघाले, तिन्हींच्या कडांचं वॉर्निश उडालेलं होतं. असे सेन्सर बाजूला काढा. बाकीच्यांवर क्रमांक फिकट झाला असेल तर तो तिथल्या तिथे परत गिरवा.